शनिवारी गुडघा बदलला, तर सोमवारची वाट पाहू नका

प्रति,
जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी सांधेरोपण करणारे सर्व अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस

आदरणीय डॉक्टर आणि व्यवस्थापक मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी काम करते आणि आसपासच्या तालुक्यांतल्या रुग्णालयांतूनही मला बोलावणं येतं. गुडघा किंवा खुबा बदललेले रुग्ण हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. या पत्रात माझी एकच मागणी आहे. ऑपरेशन झालं त्याच दिवशी, आणि ते जमलं नाही तर २४ तासांच्या आत, रुग्णाला पायावर उभं कोण करणार हे ऑपरेशनची तारीख देतानाच ठरलेलं असावं. ते ठरत नसेल तर तारीख पुढची द्यावी.

शेवटचं वाक्य कडक आहे याची मला जाणीव आहे. ते का लिहिलं, ते सांगते.

सांधेरोपण आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत असं काही ऑपरेशन असतं हे पहिल्यांदा कळलं. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर कमाल मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतक्यावर आला. गावोगावी चांगली ऑपरेशन थिएटरं झाली. आयुष्यभर भांगलण आणि उसाच्या मोळ्या उचलून गुडघे झिजलेल्या बायका आज आपल्याच तालुक्यात गुडघा बदलून घेतात, आणि याचं मला मनापासून समाधान आहे.

पण या कामाची घडी कशी बसली आहे पाहा. शहरातले निष्णात सर्जन शनिवारी येतात. दुपारपासून रात्रीपर्यंत यादी चालते. ऑपरेशन उत्तम होतं, एक्स-रे देखणा येतो. सर्जन रात्रीच परततात. रविवारी फिजिओ नसतो, रुग्णालयातला स्टाफ निम्मा असतो, आणि 'उठवायचं का?' हे विचारायला जबाबदार माणूस जागेवर नसतो. केसपेपरवर रुग्णाला उठवण्याविषयी एक तर काहीच लिहिलेलं नसतं, किंवा 'फिजिओ' एवढाच एक शब्द असतो. कधी, किती वजन देऊन, कुणी, काहीही नाही. सोमवारी सकाळी माझा फोन वाजतो, तोवर रुग्णाचे चाळीसेक तास पलंगावर गेलेले असतात.

अशाच एका सोमवारी पाहिलेल्या एक मावशी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वय पासष्टीच्या पुढचं. गुडघ्याखाली जाड उशी, कारण तसं ठेवलं की बरं वाटतं. पाय बाहेरच्या बाजूला कलंडलेला. लघवीची नळी तशीच, म्हणजे त्या कारणासाठीही उठायची गरज पडलेली नव्हती. रविवारी दिवसभर पाणी बेतानं प्यायल्या होत्या, बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून. पोट फुगलेलं, तोंड कोरडं. मी म्हटलं, "मावशी, बसायचं का जरा?" तर पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "नगं बाई, आतलं निसटंल." मुलगा पुढे आला. "मॅडम, आजचा दिवस राहू द्या. लई दुखतंय तिला. टाके तुटले म्हंजे?"

मावशींची भीती खरी होती, आणि ती घालवणारी माहिती तुमच्याजवळ होती. बोन सिमेंट, म्हणजे सांधा हाडाला पक्का धरणारं सिमेंट, टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. टाके घातल्यावर बहुतेक सर्जन तिथेच गुडघा पूर्ण वाकवून-सरळ करून पाहतात. म्हणजे रुग्ण थिएटरमधून बाहेर येतो तेव्हाच तो सांधा वजन पेलायला तयार असतो, आणि टाके वाकण्याच्या कसोटीला उतरलेले असतात. हे दोन वाक्यांत, ऑपरेशनच्या आधी, सर्जनच्या तोंडून मावशींना आणि त्यांच्या मुलाला कळलं असतं, तर सोमवारी माझा अर्धा तास समजूत घालण्यात गेला नसता. आपल्याकडे डॉक्टरांचा शब्द मोठा असतो. मी शंभरदा सांगितलेलं आणि तुम्ही एकदा सांगितलेलं, यात घरचे लोक तुमचंच धरतात. त्याचा उपयोग करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

झोपून राहण्याने काय होतं हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पण हे पत्र व्यवस्थापक आणि नातेवाईकही वाचतील, म्हणून लिहिते. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की शिरांमधलं रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. चालणं हा रक्त पातळ करण्याच्या औषधाला पर्याय नव्हे, ते औषध आपल्या जागी हवंच. पण औषध चालू आहे म्हणून पाय निजवून ठेवायला मुभा मिळत नाही. उताणं पडून राहिलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साठतो. आतडी मंदावतात. वयस्कर माणसं रात्री गोंधळतात, कुठे आहोत ते कळत नाही, सलाईन ओढून काढतात. हे सगळं बसवल्याने, उभं केल्याने कमी होतं.

स्नायूंचं नुकसान तर डोळ्यांना दिसतच नाही. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठ माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं. एवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस घटलं. ती धडधाकट माणसं होती. आपल्या रुग्णाचा गुडघा आधीच वर्षानुवर्षं दुखत आलेला, मांडी आधीच वाळलेली. त्यात गुडघ्यात सूज भरली की मेंदूकडून मांडीच्या पुढच्या स्नायूकडे येणारा हुकूमच दाबला जातो. बाई मनापासून पाय उचलायचा प्रयत्न करते आणि पाय उचललाच जात नाही. सांधा बदलल्यावर महिन्याभराने मोजलं तर या स्नायूची ताकद ऑपरेशनच्या आधीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी भरते, असं मोजमापांत दिसलं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून त्या स्नायूला जागं ठेवायचं असतं. दोन दिवस वाया घालवायला आपल्याकडे शिल्लक नसते.

आणि ती उशी. गुडघ्याखाली उशी ठेवल्याने आराम वाटतो आणि गुडघा थोडा वाकलेल्या अवस्थेत आखडू लागतो. वाकणं पुढे व्यायामाने बरंचसं मिळवता येतं. पूर्ण सरळ होणं एकदा गेलं की ते परत आणताना रुग्णाच्या आणि आमच्या नाकी नऊ येतात, बाई कायमची लंगडत चालते आणि म्हणते की ऑपरेशन फसलं. उशी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली नको. वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला, मदतनीस मावशीला, मामांना हे माहीत असायला हवं, आणि त्यासाठी कुठल्याही पदवीची गरज नाही.

मी काही नवं सांगत नाही. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी आजच्या खुब्याच्या रोपणाचा पाया घातला, तेव्हाच्या रुग्णांना दीर्घकाळ अंथरुणात ठेवण्याची पद्धत होती. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट यांनी ऑपरेशननंतरच्या प्रत्येक सवयीला 'हे कशासाठी?' असा प्रश्न विचारला. नळ्या, उपाशी ठेवणं, झोपवून ठेवणं, अफूजन्य इंजेक्शनांवर भिस्त ठेवणं, एकेक करून त्यांनी तपासलं. वेदना अनेक मार्गांनी थोडी-थोडी दाबायची, नळ्या लवकर काढायच्या, लवकर खायला द्यायचं, लवकर उठवायचं, अशी त्यांची घडी आतड्याच्या ऑपरेशनांपासून सुरू होऊन सांधेरोपणापर्यंत आली. ब्रिटनच्या २०२० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत तर साफ लिहिलं आहे की नियोजित गुडघा किंवा खुबा बदलल्यावर शक्यतो त्याच दिवशी, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, पुनर्वसन सुरू व्हावं. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतली चांगली केंद्रंही संध्याकाळी रुग्णाला वॉकरवर चालवतात. मग तालुक्याच्या गावातल्या बाईला दोन दिवस उशिरा का? इम्प्लांट तोच आहे, बहुतेकदा सर्जनही तेच.

यातला बराच भाग भूलतज्ज्ञांच्या हातात आहे, म्हणून त्यांना वेगळं विनवते. फिमोरल ब्लॉक, म्हणजे जांघेतल्या नसेपाशी बधिरतेचं इंजेक्शन, दिला की दुखणं थांबतं, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडतो आणि उभं करताच गुडघा मुडपतो. मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूला दिलेल्या अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉकमध्ये ही ताकद बरीच टिकते. सर्जननी टेबलावरच सांध्याभोवती बधिरतेचं औषध भरलं तर पहिली रात्र सुसह्य जाते. कोणता ब्लॉक द्यायचा हा निर्णय तुमचा. पण कोणता दिला ते केसपेपरवर ठळक लिहा, म्हणजे उभं करणाऱ्याला कळेल की पायावर किती भरवसा ठेवायचा. आणि दुखण्याची गोळी 'गरज पडल्यास' अशी लिहू नका. आपल्या बायका मागत नाहीत. दात आवळून पडून राहतात आणि सकाळी म्हणतात, "काय नाय, सोसलं." गोळी वेळेवर, उठवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेलेली हवी.

उभं करणं म्हणजे काय करतो आम्ही, तेही सांगते. पलंगाची पाठ हळूहळू वर घेतो आणि तिथेच थोडा वेळ थांबतो. पावलं वर-खाली करायला लावतो. स्पायनलचा, म्हणजे पाठीत दिलेल्या भुलीचा, असर उतरला का, दोन्ही पाय जाणवतात का, मांडी आवळली जाते का, हे बघतो. मग पाय खाली सोडून कडेला बसवतो, नाडी आणि बीपी पाहतो, "डोळ्यांपुढं अंधारी येतेय का?" असं विचारतो. हा प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिल्या काही तासांत उठताना बीपी खाली येणं अगदी सर्रास असतं. अंधारी आली तर परत झोपवतो, दोन तासांनी पुन्हा. लघवीची पिशवी आणि सलाईनची नळी कुठे अडकत नाही ना ते बघतो. गाऊन पायांत येत असेल तर वर खोचतो. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल. वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला. मी ऑपरेशनच्या बाजूला उभी, दुसरं माणूस मागे. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पहिल्या दिवशी पलंगापासून खुर्चीपर्यंत चार-सहा पावलं पुष्कळ झाली.

यात वेळ जातो तो माणसांचा. यंत्रांचा नाही. म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. पुष्कळ रुग्णालयांत सीपीएम मशीन दिमाखात ठेवलेलं असतं. पाय त्यात अडकवायचा, बटण दाबायचं, मशीन गुडघा आपोआप वाकवतं, बिलात त्याची वेगळी ओळ. या मशीनवर झालेल्या अभ्यासांचा, वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१४ चा आढावा सांगतो की गुडघा बदललेल्या रुग्णाला त्याचा दखल घेण्याजोगा फायदा होत नाही. बाई पलंगावरच पडून राहते, मांडी काहीच काम करत नाही. त्या मशीनच्या पैशांत रविवारी येणारा फिजिओ, चार चांगले वॉकर आणि प्रत्येक खोलीत एक उंच कमोड खुर्ची होईल. माझं मत विचाराल तर मी एका दिवसात हा बदल करीन.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्याची पद्धत आपल्याकडे खूप आहे. एकदाच भूल, एकदाच खर्च, मुलांना एकदाच रजा. कारणं मला समजतात. पण त्या बाईला 'चांगला पाय' उरत नाही. तिला उभं करायला दोन जाणती माणसं लागतात, पहिल्यांदा बीपी बरेचदा घसरतं, रक्तही जास्त गेलेलं असतं. दोन्ही गुडघे करायचे आणि वॉर्डात रात्री एकच सिस्टर, हे जुळत नाही.

सिस्टरांबद्दल तर मला फार वाटतं. रविवारी रुग्णाला न उठवण्याचं खरं कारण आळस नसतो, भीती असते. रुग्ण पडला तर जबाबदार कोण? जिने उठवलं ती. पडून राहिल्याने गुठळी झाली तर मात्र कुणाचंच नाव येत नाही. अशा हिशोबात कोणतीही शहाणी सिस्टर पलंगाचा कठडा वर करून ठेवील. हा हिशोब व्यवस्थापनच बदलू शकतं. लेखी सूचना द्या, कुणाला उठवायचं आणि कुणाला थांबवायचं हे सर्जननी सही करून ठरवा, आणि त्या सूचनेप्रमाणे वागणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी उभे राहा. थांबवावे लागतील असेही रुग्ण असतात. हाड तडकलेलं, गुंतागुंतीचं दुरुस्तीचं ऑपरेशन, छातीत दुखणं, श्वास लागणं, रक्त फारच कमी होणं. त्यांची नावं वेगळी काढा. एकासाठी सगळी यादी झोपवून ठेवू नका.

पहिलं बसवणं आणि पहिलं उभं करणं सिस्टरांना शिकवावं, या माझ्या मताला आमच्या व्यवसायातल्या काहींचा विरोध आहे. आमचं काम दुसऱ्याच्या हाती जाईल असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. गुडघा पूर्ण सरळ करून घेणं, चाल सुधारणं, जिने चढवणं, घरी कसं वागायचं ते शिकवणं, आमच्यासाठी काम भरपूर आहे. रात्री नऊ वाजता भूल उतरलेल्या बाईला कडेला बसवायला मी येईपर्यंत थांबण्यात कुणाचंच भलं नाही.

ऑपरेशनच्या आधीचा एक दिवसही मागते. रुग्ण तपासण्यांसाठी येतोच. त्याच फेरीत वीस मिनिटं द्या. वॉकर हातात देऊन चालवून बघू, मांडी आवळायची कशी ते शिकवू, घरच्यांना विचारू की संडास भारतीय आहे का, पलंग आहे की खाली झोपतात, उंबरे किती, आंघोळीची मोरी कुठे. दुखत नसताना शिकलेलं दुखत असताना आठवतं. आणि घरच्यांच्या मनातली 'हाडाचं ऑपरेशन आहे, हलवू नका' ही समजूत त्याच दिवशी निघते. नाहीतर गावाकडून भेटायला आलेल्या आत्या आणि काकू तीच पुन्हा घट्ट करून जातात.

खुबा मोडून येणाऱ्या आजी-आजोबांची गोष्ट याहून तातडीची आहे. त्यांना पूर्वतयारीचा दिवस मिळतच नाही. पडून राहण्याचं मोलही त्यांनाच सर्वांत जास्त मोजावं लागतं: न्यूमोनिया, पाठीला जखमा, भ्रम. त्यांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठवा. पाय किती वाकवायचा, एकावर एक घ्यायचा की नाही, कोणत्या कुशीवर वळायचं, हे तुम्ही कोणत्या बाजूने सांधा उघडला त्यावर ठरतं. म्हणून तेही लिहून ठेवा. आम्हाला अंदाज करायला लावू नका.

शेवटी पैशाचं. पॅकेजमध्ये फिजिओथेरपी धरलेली नसते, दर भेटीला वेगळे पैसे पडतात, आणि दुसऱ्याच दिवशी मुलगा म्हणतो, "मॅडम, आता आमचं आम्ही करतो." त्याचा दोष नाही, कर्ज काढून आलेला असतो. लाखभर रुपयांच्या पुढच्या पॅकेजमध्ये पहिल्या चार-पाच दिवसांची फिजिओथेरपी आणि घरी गेल्यावरचे दोन फोन बसवणं अवघड नाही. सरकारी योजनेतून ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयांनाही मी हेच म्हणेन. योजनेत आलेली बाई फुकट आली म्हणून तिच्या वाट्याचा रविवार रिकामा जाऊ नये.

तर येत्या महिन्यापासून एवढं करा. शनिवारच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवा: उभं कधी करणार आणि कोण. रात्रीची सिस्टर असेल तर तिचं नाव, रविवारी येणारा फिजिओ असेल तर त्याचं नाव. रकाना रिकामा असेल त्या रुग्णाला पुढच्या शनिवारची तारीख द्या. सिस्टर, मावशी आणि मामांना शिकवायला मी आणि माझे काही सहकारी आठवड्यातल्या कोणत्याही दुपारी यायला तयार आहोत. त्याचं काही मानधन नको. एक रिकामा पलंग, एक वॉकर आणि ड्यूटीवरून सुटलेली पाच-सहा माणसं असली की पुरे. दिवस तुम्ही कळवा.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट